शेपटीकडची खोली

१

ग्रोविकाच्या खाडीत बुडालेलं ते विमान रागनाला स्वतःच्या स्वयंपाकघराइतकं पाठ होतं. डोळे बांधून सोडलं असतं तरी माल चढवायच्या दारातून आत शिरून, आडव्या भिंतींमधली तीन भोकं ओलांडून, ती फुटक्या नाकाकडून बरोबर बाहेर आली असती. दर वर्षी एप्रिलात, डोंगरावरचं बर्फ वितळून पाणी गढूळ व्हायच्या आधी, ती एकदा आत फिरून येई. हिवाळ्यातल्या वादळांनी एखादा पत्रा लोंबकळतोय का, कुणाचं जाळं अडकलंय का, एवढंच बघायचं. मे महिन्यात पाणबुड्यांच्या क्लबाचा नवशिक्यांचा वर्ग असे आणि समुद्रातली पहिली बुडी मारायला या विमानाइतकी निर्धोक जागा आसपास दुसरी नव्हती.

विमान युद्धातलं, जर्मनांचं, पाण्यावर उतरणाऱ्या जातीचं. वादळात दोर तुटून ते बुडालं, तेव्हा त्यातली सगळी माणसं गावात कोरडी बसून जेवत होती. कुणी मेलं नाही, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. त्यामुळे गावाला त्याची ना भीती होती ना हळहळ. थट्टा मात्र होती. विसराळू माणसाला ग्रोविकात अजून विचारतात, "विमान नीट बांधलंस ना?"

रागना अठ्ठावन्न वर्षांची. अर्धं आयुष्य तिने सॅमन माशांच्या पिंजऱ्यांखाली जाळी तपासण्यात घालवलं होतं. पाण्याखाली ती घाई करत नसे आणि दमत नसे. हवेच्या टाकीचा काटा दोनशेवर असताना उतरायचं, चाळीस मिनिटं फिरायचं आणि शंभरावर वर यायचं, हा तिचा हिशेब. अकरा वर्षांत या विमानावर तो पाच-दहाच्या वर कधी चुकला नव्हता.

त्या दिवशी धक्क्यावर चढून तिने काटा पाहिला. पंचावन्न.

तिने काच पुसली, पुन्हा पाहिलं. पंचावन्नच.

"म्हातारे, हवा प्यायलीस की विकलीस?" ओडवार म्हणाला.

ओडवार तिचा पंधरा वर्षांचा जोडीदार. फेरीबोटीवर इंजिन सांभाळून निवृत्त झालेला, जाडजूड, तोंडाने फटकळ. रागना आत फिरत असताना तो दारापाशी तळावर थांबायचा, हा त्यांचा ठरलेला रिवाज. त्याच्या स्वतःच्या टाकीत नव्वद शिल्लक होते, आणि हवा ओढण्यात तर तो गावात बदनाम होता.

दोघांनी तिची टाकी पाण्याच्या टबात बुडवून पाहिली. नळ्या पिळल्या, जोड तपासले. कुठून एक बुडबुडा येईना.

"थंडी असेल," रागना म्हणाली. "चारच अंश होतं खाली."

"दर वर्षी चारच असतं," ओडवार म्हणाला.

घरी येऊन तिने नोंदवहीत बुडीची तारीख लिहिली, पाण्याची थंडी लिहिली आणि शिल्लक हवेच्या रकान्यात शंभर असं लिहून टाकलं. पन्नाशी उलटलेल्या पाणबुड्याला दर वर्षी डॉक्टरचा दाखला लागतो. आणि तिचा बाप साठाव्या वर्षी, जिन्यावर, छातीला हात लावून बसल्या जागी गेला होता.

आणखी एक गोष्ट तिने ओडवारला सांगितली नाही. सांगण्यासारखी ती वाटलीच नव्हती. विमान उतारावर पडलेलं आहे. नाक खाली बारा मीटरवर, शेपटी वर सातावर. शेपटीकडे एक आंधळी खोली आहे, छोट्या कोठीएवढी. आत फिरणाऱ्यांनी सोडलेले बुडबुडे छताला चिकटत तिथे जमतात आणि पाऱ्यासारखा एक चकचकीत पापुद्रा तयार होतो. पत्र्याच्या खिळ्यांची भोकं कधीच सैल झाली आहेत, त्यामुळे दिवसभरात ती हवा झिरपून जाते. ऑक्टोबरपासून त्या विमानात कुणी उतरलं नव्हतं. तरी रागनाने खोलीच्या तोंडाशी जाऊन बॅटरी मारली, तेव्हा छताला जेवणाच्या टेबलाएवढा पारा लखलखत होता.

२

तीन दिवसांनी ती पुन्हा उतरली. या वेळी टाकी ओडवारची, नळ्या क्लबाच्या. ओडवारला तिने दारापाशी न थांबता पार नाकाकडे, उताराखाली थांबायला सांगितलं. का, ते त्याने विचारलं. पत्रा बघायचाय, ती म्हणाली. पंधरा वर्षांत ती त्याच्याशी फारसं खोटं बोलली नव्हती, म्हणून त्याने मानलं.

बाहेर दहा मिनिटं ती मुद्दाम विमानाच्या पाठीवरून पोहत राहिली. काटा जसा उतरायला हवा तसाच उतरला. मग ती आत शिरली.

आत नेहमीचंच होतं. फासळ्यांसारख्या पट्ट्या, त्यांवर चिकटलेले पांढरे समुद्रफुलांचे गुच्छ, तळाला पिठासारखा गाळ. आसनांचे नुसते सांगाडे. ती गाळ न उडवता अलगद सरकत होती आणि स्वतःचा श्वास ऐकत होती. पाण्याखाली दुसरं ऐकायला असतं तरी काय? आत घेताना सुस्कारा, सोडताना गुडगुड. सुस्कारा, गुडगुड.

शेपटीकडच्या भोकापाशी आल्यावर तिला वाटलं, आवाज दाट झालाय. जसं देवळात एकट्याने टाळी वाजवावी आणि कोपऱ्यातून दुसरी यावी. प्रतिध्वनी, तिने ठरवलं. पत्र्याचा डबाच आहे हा.

तिने श्वास थांबवला.

सुस्कारा आला. सावकाश, लांब, पोटभर घेतलेला. मग क्षणभर काही नाही. मग गुडगुड.

तिचे दात तोंडातल्या नळीच्या रबरावर रुतले. छाती हललेली नव्हती. ओडवार पन्नास पावलांवर, उताराखाली होता, आणि पत्र्याच्या भिंतीआड त्याचा आवाज इतका जवळ येणं शक्य नव्हतं. तिने काटा डोळ्यांसमोर धरला आणि श्वास तसाच रोखून पाहत राहिली. पुन्हा सुस्कारा आला. आणि त्याबरोबर काटा थरथरला, केसभर खाली आला.

तिच्या टाकीतला काटा. तिने न घेतलेला श्वास.

शहाण्या माणसाने तिथूनच मागे फिरायला हवं होतं. पण रागना आयुष्यभर बिघाड शोधण्याचा पगार घेत आली होती. तिने भोकातून डोकं आत घातलं. छताचा पारा आता टेबलाएवढा राहिला नव्हता. खोलीचा वरचा अर्धा भाग त्याने व्यापला होता. समुद्र त्या दिवशी तेलासारखा निवांत होता, आणि तरी तो पारा मंद उचलला जात होता, मंद खाली बसत होता.

तिने हात वर केला आणि बोटं त्या पाऱ्यातून पलीकडे घातली. जाड मोज्यातूनही तिला कळलं, वर ऊब होती. लहानपणी कडक थंडीत मेंढ्यांच्या गोठ्याचं दार उघडल्यावर अंगावर यायची, तशी.

वर आली तेव्हा चाळीस उरले होते. ओडवारने काटा पाहिला, तिच्याकडे पाहिलं. या वेळी त्याने थट्टा केली नाही.

३

सोमवारी ती डॉक्टरकडे गेली. जिना चढताना दम लागतो म्हणून सांगितलं. दक्षिणेकडून नव्याने आलेला तरुण डॉक्टर. त्याने तिला छातीला वायरी लावून फिरत्या पट्ट्यावर पळवलं, रक्त घेतलं, फुंकर मारायला लावली.

"तुझं हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे," तो म्हणाला. "तुला दम लागतोय असं तुला वाटतंय फक्त."

गाडीत बसल्यावर तिला हसू आलं. इतके दिवस मानेवर बसलेलं ओझं उतरल्यासारखं झालं. पुलापर्यंत ती गुणगुणत आली. पुलावर खाली खाडी दिसली आणि गुणगुणणं थांबलं. दोष हृदयात असता तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं, आणि आपण असा विचार केला याचीच तिला भीती वाटली.

ती सरळ ओडवारच्या होडी ठेवायच्या शेडमध्ये गेली. तो होडीच्या तळाला डांबर लावत होता. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नोंदवहीतलं खोटंही सांगितलं. ओडवार हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला असता तर तिला आवडलं असतं. त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि बराच वेळ हात पुसत राहिला.

"शनिवारी सिल्येची पहिली बुडी आहे," तो शेवटी म्हणाला.

"पुढे ढकलू."

"आणि कारण काय सांगायचं? रागनाला खाली गरम वाटलं?"

सिल्ये गावातल्या शाळेत शिकवायची. पस्तिशीची, उंच, हसतमुख. या वसंतात वर्गाला ती एकटीच आली होती. तिला लहानपणापासून पाण्याची धास्ती होती आणि ती मोडायची म्हणून तिने हिवाळाभर तरणतलावात हट्टाने सराव केला होता. पुढे ढकलू म्हटलं तर ती काही बोलली नसती, पण पुन्हा आलीही नसती.

ओडवारने तोडगा काढला. रागनाने सिल्येला घेऊन विमानाच्या बाहेरूनच फेरी मारायची. आत कुणी जायचं नाही. तो एकटा दोन मिनिटं आत जाईल, शेपटीच्या छताला छिन्नी-हातोड्याने दोन भोकं पाडेल. हवा निघून जाईल. विषय संपेल.

"एकट्याने आत जायचं नाही, हा तुझाच नियम," रागना म्हणाली.

"तू एकटीच जातेस की दर वर्षी. आणि तू बाहेर दहा हातांवर असशील." मग त्याने ब्रश उचलला. "इंजिनात आवाज आला की आवाजाला घाबरायचं नसतं, रागना. झाकण उघडायचं असतं."

तिने पुष्कळ वाद घातला. पण खरं सांगायचं तर आत आपल्याला जायचं नाही, दुसरं कुणीतरी जातंय, याचं तिला हायसं वाटलं होतं. हे ती पुढे कधीच विसरली नाही.

४

शनिवारी ऊन पडलं होतं. ओडवारची बायको बेरित धक्क्यावर गरम कॉफीचा थर्मास आणि तपकिरी चीज लावलेले पाव ठेवून गेली. सूट चढवताना सिल्येची चेन दोनदा अडकली, आणि ती त्यावर स्वतःच विनोद करत होती. पहिलीच्या मुलांना मी सांगते, भीती वाटली की दहापर्यंत मोजा, म्हणाली. आता मोजून मोजून माझे आकडे संपलेत.

पाणी इतकं नितळ होतं की दोरावरून उतरताना अर्ध्यातच विमान दिसायला लागलं. शेवाळाने तपकिरी झालेलं, एक पंख गाळात रुतलेला. सिल्येने ते पाहिलं आणि तिचा श्वास भरभर व्हायला लागला. रागनाने तिचा दंड धरला, डोळ्यांत पाहिलं, हाताने सांगितलं, हळू. हळूहळू श्वास संथ झाला. सिल्येने अंगठा आणि बोट जोडून खूण केली. छान चाललंय.

ओडवारने दोघींना हात केला आणि दारातून आत गेला. त्याच्या पायातल्या पोहायच्या पिवळ्या फिन्स तेवढ्या शेवटी दिसल्या.

बाहेरून तो कुठे आहे ते कळत होतं. त्याने सोडलेली हवा खिळ्यांच्या भोकांतून बारीक माळा होऊन निघत होती, कौलांतून चुलीचा धूर निघावा तशी. आधी दारावर, मग मधल्या भागावर. मग शेपटीवर. सिल्येला ते फार आवडलं. तिने बोटाने दाखवलं.

रागना हातोड्याची वाट पाहत होती. पाण्यात लोखंडाचा ठोका दूरवर ऐकू जातो.

ठोका आला नाही.

शेपटीवरच्या माळा विरळ झाल्या, आणि थांबल्या.

माणूस बारकाईने काही बघायला लागला की श्वास रोखतो, तिने स्वतःला सांगितलं. तिने तीसपर्यंत मोजलं. पत्र्यावर एक बुडबुडा नव्हता. साठपर्यंत मोजलं. सिल्ये आता तिच्या तोंडाकडे बघत होती.

नवशिक्याला पाण्यात एकटं सोडायचं नाही. या कामात याहून मोठा नियम नाही. रागनाने सिल्येला दोरापाशी नेलं, तिचे दोन्ही हात दोरावर ठेवले, वर बोट दाखवलं, आणि मग तळहात खालीवर करून सांगितलं, अगदी हळू. सिल्येने मान हलवली. मास्कमागे तिचे डोळे मोठे झाले होते. पण ती गेली, हातावर हात ठेवत, जसं शिकवलं होतं तसं.

रागना वळली आणि आत शिरली.

५

गाळ उडालेला नव्हता. ओडवार जड माणूस, तो गेला की मागे ढग उठतो. आज तळाचं पीठ जसंच्या तसं पडलं होतं. तिची बॅटरी आसनांच्या सांगाड्यांवरून पुढे सरकत गेली. स्वतःचा श्वास तिने मुद्दाम ऐकला नाही. मनातल्या मनात ती जाळ्यांची मापं म्हणत राहिली.

शेपटीकडच्या भोकापाशी तिला आवाज आला. श्वासाचा नव्हे. बोलण्याचा.

हवेतलं बोलणं पाण्याखाली येतं ते भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडासारखं, शब्द गळून नुसता सूर उरलेलं. सूर ओडवारचा होता. तो दोन वाक्यं बोलायचा आणि थांबायचा. मग पुन्हा बोलायचा. ज्याचं ऐकून घ्यायचं असतं, त्याच्यासाठी माणूस थांबतो तसा.

तिने डोकं आत घातलं. पारा आता कमरेच्या उंचीपर्यंत उतरला होता. त्यातून ओडवारचं खालचं अर्धं अंग लोंबत होतं. शिशाचा पट्टा, पाय, पिवळ्या फिन्स. तोंडात असायला हवी ती नळी खाली सुटून लोंबकळत होती. छिन्नी आणि हातोडा कमरेच्या पिशवीत तसेच होते.

आणि त्याच्या शेजारी आणखी दोन पाय होते.

रागनाने ते पाहिले. किती वेळ, हे तिला नंतर सांगता आलं नाही. गुडघ्यापासून खालचे, बाकावर बसलेल्या माणसाचे असतात तसे वाकलेले पाय. पायांत फिन्स नव्हत्या. राखी लोकरीचे मोजे होते, आणि उजव्या टाचेला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने रफू केलेलं होतं. कुणीतरी नीट बसून, मन लावून केलेलं रफू.

बॅटरीचा उजेड त्यांवर पडला तसे ते पाय उचलले गेले. आधी एक, मग दुसरा. घाई नाही. जमीन पुसायला कुणी आलं की बसलेला माणूस पाय वर घेतो, तसे ते पाऱ्यापलीकडे गेले.

तिने ओडवारचे दोन्ही गुडघे कवेत घेतले आणि खाली ओढलं. तो हलला नाही. त्याच्या अंगात जोर नव्हता, तो झटापटही करत नव्हता. तरी तो येईना. जणू वरून कुणी त्याला काखेत धरलं होतं. तिने भिंतीच्या पट्टीला पाय लावले आणि सगळं अंग टाकून ओढलं. एक क्षण काहीच झालं नाही. मग तो असा सुटला की दोघं गाळात आदळली आणि सगळा उजेड तपकिरी झाला.

तिने चाचपडत त्याचं तोंड शोधलं, स्वतःची जादा नळी त्यात कोंबली आणि बटण दाबून हवा सोडली. तो ठसकला. मग ओढायला लागला. त्याचा मास्क कुठे गेला होता कोण जाणे. त्याचे डोळे उघडे होते, आणि तो मागे, खोलीकडे बघत होता.

६

सिल्येने वर पोचताच धक्क्यावरून फोन केला होता. रुग्णवाहिका पुलापलीकडून येईपर्यंत ओडवार शुद्धीवर आला होता, पण बोलत नव्हता. धावत आलेल्या बेरितने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती त्याचे ओले केस एकसारखे मागे सारत होती.

इस्पितळात सगळ्याचा उलगडा झाला. कोंडलेली हवा शिळी, त्यात श्वास घेतला की डोकं गुंगतं, माणूस बरळतो, पुढचं भान राहत नाही. त्याने नळी का काढली, तर गुंगीत काढली. रागनाने पायांचं सांगितलं तेव्हा मोठ्या डॉक्टरने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, पाण्याच्या पृष्ठभागाचा खालून आरसा होतो ना? होतो, ती म्हणाली. मग तू ओडवारचेच पाय पाहिलेस.

आरशातले पाय उलटे, वर जाणारे दिसतात. आणि ओडवारच्या पायांत फिन्स होत्या. हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण समोरचा माणूस तिला सोडवायला बघत होता, आणि तिलाही सुटायचं होतं. ती म्हणाली, तसंच असेल.

क्लबाने विमानाभोवती दोर लावला, बंदीची पाटी लावली. रागनाने आपला शिकवण्याचा परवाना स्वतः परत केला. नवशिक्याला पाण्यात एकटं सोडलं, एवढं कारण पुरेसं होतं, आणि ते खरंही होतं. सिल्येने तिला दोष दिला नाही. उलट आठवड्याने ती भाजलेला केक घेऊन घरी आली. जाताना दारात थांबून तिने विचारलं, "त्या दिवशी तू आत गेल्यावर मी दोरावर मध्येच थांबले होते. तुम्ही दोघं शेपटीकडेच होतात ना?"

"हो."

"सगळा वेळ?"

"हो. का?"

"बुडबुडे सगळीकडून येत होते," सिल्ये म्हणाली. "शेपटीपासून नाकापर्यंत, पूर्ण छपरावर. एका वेळी. मग एका वेळी थांबायचे. मग पुन्हा."

ओडवारला ओढताना कोंडलेली हवा आतल्या आत सरकली असेल, रागनाने सांगितलं. सिल्येला ते पटलं. निदान तिने पटल्यासारखं केलं.

७

जूनच्या शेवटी बेरितने तिला वॉफल खायला बोलावलं. ओडवार आता बरा होता. होडीला हात लावत नव्हता, पण बागेत खपत होता, बटाटे लावत होता. त्या दिवसाबद्दल तो कुणाशी चकार शब्द बोलला नव्हता, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

दोघं ओसरीत बसली होती. बेरित आत स्वयंपाकघरात होती, तव्याचा खरपूस वास येत होता. खाली खाडीत बदकांची रांग चालली होती. ओडवारने कपात साखर घातली, ढवळली, चमचा बशीत ठेवला.

"तू काय पाहिलंस?" त्याने विचारलं.

"पाय," रागना म्हणाली. "मोजे घातलेले."

त्याने मान डोलावली. जणू हवामानाचं बोलणं चाललं होतं.

"मी नळी का काढली, माहिती आहे? सगळे म्हणतात गुंगीत काढली. गुंगी नव्हती. मी डोकं वर काढलं, आणि तो बसला होता. नीट बोलला. अगदी शांतपणे, घरी आलेल्या माणसाशी बोलावं तसा. आता समोरचा इतक्या सभ्यपणे काही विचारतोय, आणि आपण तोंडात रबर धरून बसायचं, हे मला बरं दिसेना."

"कुठल्या भाषेत बोलला?"

ओडवारने विचार केला. "ते मला सांगता येणार नाही. मला कळत होतं."

"काय विचारलं?"

"बाहेर अजून कुणी आहे का." त्याने कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. "मी म्हटलं, दोघी आहेत."

रागनाने आपला कप बाजूला सारला.

"मग तो सरकला. बाकावर माणूस सरकतो ना, तसा. जागा करून दिली. फक्त तोच नाही सरकला. त्याच्या पलीकडचा सरकला, त्याच्या पलीकडचा सरकला. पार अंधारापर्यंत सगळी रांग सरकत गेली, आवाज येत होता मला, कपडे घासल्याचा. तिघांना पुरेल एवढी जागा झाली."

"त्या विमानात कुणी मेलं नव्हतं, ओडवार."

"मला माहीत आहे."

खाली बदकं खडकामागे गेली. रागनाला आणखी एक विचारायचं होतं. विचारू नये हेही कळत होतं.

"तू आमची नावं सांगितलीस का?"

बेरित वॉफलची ताटली घेऊन बाहेर आली. गरम आहेत तोवर खा, म्हणाली, आणि मुरंब्याची बरणी आणायला पुन्हा आत वळली. ओडवारने एक वॉफल स्वतःच्या बशीत घेतला. सुरी उचलली आणि त्याचे तुकडे करायला लागला, अगदी मन लावून, एकसारखे, लहान मुलासाठी करतात तसे. सगळे तुकडे करून झाले तरी त्याने मान वर केली नाही.